तासांचा हिशोब: सीपीडीचे नवे नियम

खतावणी:
आमच्या लेखापालांच्या संस्थेने सीपीडीच्या, म्हणजे पात्रता मिळाल्यानंतरच्या सक्तीच्या अभ्यासाच्या, नव्या नियमांचा मसुदा काढलाय. आतापर्यंत तीन वर्षांत मिळून १२० तास, निम्म्यांचा पुरावा, बाकीचे आपण सांगू ते. आता हिशोब दरवर्षीचा, जादा तास पुढच्या वर्षात ओढता येणार नाहीत. ऑडिटवर सही करणाऱ्याला ४० तास, त्यातले ३० पुराव्यासकट. कमी जोखमीच्या कामाला कमी. नीतिमत्तेचा एक तास सक्तीचा आणि वेबिनारच्या शेवटी प्रश्नावली.

अभ्यासाला माझी ना नाही. पण परवाचा वेबिनार ऐका. दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर चौकट: 'आपण उपस्थित आहात का?' मी शेजारच्या टॅबमध्ये एका क्लायंटचा ताळेबंद जुळवत बसलेली. टिंग वाजलं की जायचं, बटण दाबायचं, परत यायचं. दोन तासांचं प्रमाणपत्र आलं. (ताळेबंदही जुळला, तेवढंच समाधान.) त्याच आठवड्यात एका किचकट करारातला महसूल नेमका कधी दाखवायचा, यासाठी तीन रात्री आयएफआरएस १५ मध्ये, म्हणजे महसुलाच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकात, डोकं घातलं होतं. त्याचे तास? शून्य.

उलटतपासणी:
शून्य का म्हणून? वाचताना काढलेली टिपणं आणि शेवटचा निष्कर्ष तारीख घालून फाइलला लावा, झाला पुरावा. मसुद्यातल्या व्याख्येत ते बसतं. आपण लावत नाही, तो भाग वेगळा.

काही वर्षं मी शिस्तपालन समितीवर होतो. एक फाइल अजून विसरलो नाही. आयएफआरएस १६, भाडेपट्ट्यांचं लेखामानक, लागू झालं १ जानेवारी २०१९ ला. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांची देणी ताळेबंदात आणणं भाग पडलं. त्या फाइलमधल्या कंपनीच्या जागा जवळजवळ सगळ्या भाड्याच्या, दहा-दहा वर्षांचे करार. आणि २०२१ च्या ताळेबंदात त्यापोटी छदामही नाही, सगळं भाडं सरळ खर्चात. ऑडिटर सदस्याला विचारलं, तर म्हणे, "गेल्या वर्षीचंच पुढे आणलं." दोन वर्षं त्याखाली त्याची सही!

टिंबटिंब:
त्यांचे सीपीडीचे तास पूर्ण होते का हो?

उलटतपासणी:
होते. रोखून विचारलंत. पण निम्मे 'व्यावसायिक वाचन', म्हणजे काय ते देव जाणे, आणि पुराव्याच्या तासांत लेखामानकांवर एकही नाही. वेळेचं नियोजन, सभेत कसं बोलावं, असलं सगळं.

टिंबटिंब:
मग नव्या नियमात ते ३० तास सभेत कसं बोलावं याचेच भरले तर कोण अडवतंय? नीतिमत्तेचा तो एक तास सोडला तर विषयाची अट कुठेच नाही.

अर्धविराम:
प्रश्नावलीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी. २०१९ मध्ये एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, केपीएमजी या बड्या ऑडिट फर्मला ५ कोटी डॉलर दंड केला. त्या प्रकरणात एक भाग अंतर्गत प्रशिक्षणाच्या परीक्षांचा होता: उत्तरं एकमेकांना पुरवलेली, आणि काहींनी तर सर्व्हरशी खेळून पास होण्याची पातळीच खाली आणलेली. २५ टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर असलेले लोकही पास! २०२२ मध्ये ईवाय या तशाच बड्या फर्मला १० कोटी डॉलर. तिथे कॉपी झाली ती नीतिमत्तेच्या परीक्षेत.

खतावणी:
नीतिमत्तेच्या?! आता मी हसू की रडू?

जमाखर्च:
खतावणीताई, घड्याळ नको हे म्हणायला सोपं. इंग्लंड-वेल्सच्या लेखापालांच्या संस्थेकडे, आयसीएईडब्ल्यूकडे, बरीच वर्षं तासांची अट नव्हती. आपली गरज ओळखा, शिका, काय फरक पडला ते लिहा, एवढंच. १ नोव्हेंबर २०२३ पासून तेही किमान तासांवर आले. मोकळीक देऊन बघितलेलेच परत घड्याळाकडे वळले, याचा काही अर्थ लावाल की नाही?

अर्धविराम:
एक अर्थ असाही, की बाहेरून तपासणाऱ्याला तास मोजणं सोपं जातं. लेखापालांच्या सीपीडीसाठीचं 'आंतरराष्ट्रीय शिक्षण मानक ७' तास मोजायला परवानगी देतं आणि निष्पत्ती, म्हणजे शिकून काय साधलं ते, मोजायलाही. सोपं ते निवडलं जातं.
अवांतर: डॉक्टरांच्या अशाच सक्तीच्या शिक्षणावर १९९९ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा आढावा 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. नुसती व्याख्यानं ऐकून डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचं दिसलं नाही. चर्चा आणि सराव असेल तिथे पडू शकतो. आपण वेबिनारमध्ये काय करतो? टिंग.

नवी_सदस्य:
पहिल्यांदाच लिहितेय. तुमचं सगळं पटतंय, पण माझी अडचण साधी आहे. बाळ चार महिन्यांचं आहे. जुन्या नियमात या वर्षी वीस तास करून पुढच्या दोन वर्षांत उरलेले भरले असते. आता वर्ष संपलं की मी थेट कसूरदार. सूट मागता येते, पण अर्ज करायचा, कारण द्यायचं, कागद जोडायचे. सहा महिने सलग झोप न झालेल्या बाईने.

उलटतपासणी:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वार्षिक मोजणीला माझा पाठिंबा होता, कारण तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात साठ-साठ तास कोंबणारे मी पाहिलेत. पण रजेवरच्या सदस्यांना तीन वर्षांची मुदत ठेवायला काहीच हरकत नाही.

खतावणी:
मसुद्यावर अभिप्राय मागवलेत ना, मग तीन ओळी पाठवते. एक, रजेवरच्यांना जुनी मुदत, अर्जाशिवाय. दोन, टिपणांसकट केलेलं वाचन पुराव्यात धरतो असं नियमातच स्पष्ट लिहा. व्याख्येचा अर्थ लावत बसायला नको. तीन, पुराव्याचे निम्मे तास ज्या कामावर सही करतो त्याच विषयाचे. कोण कोण सोबत?

टिंबटिंब:
तिन्हींना +१.

जमाखर्च:
पहिल्या आणि तिसऱ्याला. दुसऱ्यात पळवाट आहे.

उलटतपासणी:
तिसऱ्यात 'निम्मे' खोडून 'दोन तृतीयांश' करा, मग माझंही नाव घाला.