मेलेले जिवाणू म्हणजे कचरा?

चिंचेचं झाड : इथल्याच दह्यावरच्या चर्चेत एकाने ठोकून दिलंय, ‘उष्णतेने मारलेले प्रोबायोटिक (पोटाला हितकारक जिवाणू) म्हणजे कचरा, प्रतिकारशक्तीला डोंबलाचा फायदा.’ राहवलं नाही. आपल्या पेशींवरचा टीएलआर-२ हा जंतू ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जिवाणू जिवंत आहे का हे तपासत नाही, त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतो. अकरमॅन्सिया या आतड्यातल्या जिवाणूचं एक प्रथिन ७० अंशांनंतरही टिकतं आणि टीएलआर-२ला जागं करतं. त्याच्याच बेल्जियममधल्या २०१९च्या चाचणीत शरीर इन्सुलिनला किती दाद देतं या बाबतीत पाश्चराइज केलेले, म्हणजे उष्णतेने मारलेले जिवाणूच जिवंतांपेक्षा सरस ठरले.

रानपाखरू : ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. तुमच्या चाचणीत माणसं किती? ३२! ओडिशात ४,५०० हून अधिक नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू जिवंत दिला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. फिनलंडमध्ये इसब असलेल्या बाळांना मारलेला लॅक्टोबॅसिलस जीजी दिला तर जुलाब लागले, चाचणीतली भरतीच थांबवावी लागली. यावर बोला.

वऱ्हाडी : तुमचं चालू द्या, पण दुकानात जिवंत मिळतात कुठे? आमच्या वर्ध्यात मे महिन्यात ४५ अंश. डब्यावर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ छापलेलं आणि डबा काउंटरवर उन्हात! विचारलं तर ‘काही होत नाही’. पैसे मात्र जिवंताचे.

कढीभात : सगळ्यांना एका माळेत ओवू नका. बॅसिलस क्लॉसी या जिवाणूच्या कुप्यांत बीजाणू (जिवाणूंचं टणक, सुप्त रूप) असतात, त्यांना फ्रीज लागत नाही.

वऱ्हाडी : मी लॅक्टोबॅसिलसच्या पुड्यांबद्दल बोलतोय! गिऱ्हाईकाने काय थर्मामीटर घेऊन जायचं? लोडशेडिंगमध्ये दुकानाचा फ्रीज बंद असतो, तेव्हा कोण बघतं?

कढीभात : आवाज चढवू नका. दुकान बदला.

वऱ्हाडी : गावात दोनच आहेत. पुण्यात बसून सांगणं सोपं आहे.

गोदाकाठ : जरा थांबा दोघंही. माझी लेक आठव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत होती, बोटाएवढ्या हाताला सलाईन. मीच डॉक्टरांना प्रोबायोटिक द्या म्हणून विनवलं. त्यांनी नकार दिला, जिवंत जिवाणू रक्तात उतरले तर? २०२३मध्ये एका अकाली जन्मलेल्या बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही हाच इशारा दिला. रानपाखरू, ओडिशातली बाळं ३५ आठवड्यांच्या पुढची आणि दोन किलोंच्या वरची होती, हे का गाळलंत?

रानपाखरू : गाळलं नाही, लिहायचं राहिलं. अकाली बाळांपुरतं मान्य. ‘कचरा’ शब्दही जरा जास्तच झाला, घ्या. पण फिनलंडच्या जुलाबांवर चिंचेचं झाड अजून गप्पच आहेत.

चिंचेचं झाड : गप्प नाही. जीजी मारून बिघडला म्हणून अकरमॅन्सियाही बिघडेल असं नाही. पण अकरमॅन्सिया मारून चालला म्हणून बाकीचे चालतीलच असंही नाही, तेवढं कबूल. प्रत्येक जिवाणूची चाचणी वेगळी मागा.