मदत हवी आहे: ‘डूम’सारखा फर्स्ट-पर्सन सीन, पण प्रेक्षकाला गरगरायला नको

मंडळी, १९९३च्या ‘डूम’ या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमवर २००५ साली सिनेमा आला. त्यात गेममधला नरक काढून जनुकीय बदलाची कथा घातली आणि तिथेच चाहत्यांचं बिनसलं. पण शेवटाकडचा सुमारे पाच मिनिटांचा फर्स्ट-पर्सन (म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून दिसणारा) तुकडा आजही फ्रेम थांबवून बघण्यासारखा आहे. तसाच तीन मिनिटांचा सीन एका विज्ञान-लघुपटासाठी करायचाय.

मांडणी: हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा, सेकंदाला २४ फ्रेम, अरुंद कॉरिडॉर, एलईडी पट्ट्या. पट्ट्या लुकलुकत होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० सेकंद केल्यावर ते थांबलं. गोळी झाडतानाचा बंदुकीचा झोतही सेटवर नको, रोलिंग शटरमुळे (कॅमेरा फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो) तो अर्ध्याच फ्रेमवर उमटतो. तो एडिटमध्ये टाकू.

अडलंय ते कॅमेऱ्याच्या जागेवर. कपाळावर लावला तर बंदुकीचा हात फ्रेमच्या पार तळाशी जातो. हनुवटीपाशी आणला तर हात झकास दिसतो, पण संवाद म्हणताना जबड्याबरोबर चित्रही हलतं. कॅमेऱ्यातलं हादरे कमी करणारं स्टॅबिलायझेशन चालू केलं की कडा कापल्या जातात आणि मान वळली तरी चित्र तरंगत, मागाहून वळतं. बंद ठेवलं की पावलागणिक दणका.

अशा बऱ्याच गेममध्ये मधल्या नेमचिन्हावर (नेम धरायच्या खुणेवर) नजर टेकते, पडद्यावर तो आधारच नाही. हेल्मेटच्या काचेची कड फ्रेममध्ये स्थिर ठेवून कुणी पाहिलंय का? आणि कट लपवायला झपकन मान वळवणं बरं, की अंधारा दरवाजा?