नोटर डेमला अध्यक्ष म्हणून फादरच हवेत का?

खडूफळा (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांत पूर्वी अध्यक्ष म्हणजे फादर, हे ठरलेलंच असायचं. येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) जॉर्जटाउन विद्यापीठाने २००१ मध्ये पहिला प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेला, अध्यक्ष नेमला. नोटर डेम विद्यापीठात मात्र अजून होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाचाच धर्मगुरू लागतो. माझ्या मते ही अट काढावी, आणि माझा साक्षीदार आहे फादर थिओडोर हेसबर्ग.

१९५२ साली, ३५व्या वर्षी ते नोटर डेमचे अध्यक्ष झाले आणि १९८७ पर्यंत राहिले. गंमत अशी, की तेव्हा अध्यक्ष हाच तिथल्या संघबंधूंचा वरिष्ठही असे आणि चर्चच्या नियमाने वरिष्ठाला सहाच वर्षं मिळत. १९५८ मध्ये दोन्ही पदं वेगळी केली, म्हणून ते टिकले. पुढे १९६७ मध्ये त्यांनीच कारभार संघाच्या हातून काढून प्रापंचिकांचं बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिला. म्हणजे दोन्ही वेळा विद्यापीठ पुढे गेलं ते संघाची पकड सैल झाली तेव्हा.

संध्याकाळचा_चहा
अर्धंच सांगितलंत. पकड सोडायला संघाला राजी करू शकला तो संघातलाच माणूस! बाहेरच्याने हे सुचवलं असतं तर दारात उभं केलं नसतं. शिवाय दारिद्र्यव्रत घेतलेल्या माणसाला जास्त पगाराचं आमिष कोण दाखवणार? राष्ट्राध्यक्ष निक्सनने १९७२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदावरून घालवलं, तरी हेसबर्ग यांचं काय बिघडलं? गमावण्यासारखं काही नसलेला माणूस खुर्चीत हवा.

खडूफळा
व्रतामुळे माणूस निर्भय होतो हे मान्य. पण संघातल्या वरिष्ठांच्या आज्ञापालनाचंही व्रत असतं हो, ते सोयीने विसरलात.

जुनी_वही
मला दोघांचंही पटत नाही. १९६७ मध्येच लँड ओ'लेक्स या गावी हेसबर्ग आणि मंडळींनी जाहीरनामा काढला, की कॅथलिक विद्यापीठाला धर्मसत्तेपासूनही खरी स्वायत्तता हवी. तिथूनच 'कॅथलिक' हा शब्द पाटीपुरता उरायला लागला. उगाच का १९९० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांना कॅथलिक विद्यापीठांसाठी वेगळा दस्तऐवज काढावा लागला? फादर गेले की पाटीही जाईल.

खडूफळा
@जुनी_वही, २००९ आठवा. ओबामांना नोटर डेमने मानद पदवी दिली, गर्भपाताच्या प्रश्नावरून कितीतरी बिशप खवळले. तेव्हा अध्यक्ष कोण होते? फादर जेनकिन्स. फादरच्या पांढऱ्या कॉलरने तुम्हाला हवी ती हमी मिळाली का?

जुनी_वही
एक फादर चुकला म्हणून फादरच नकोत? मग प्रापंचिक चुकला की काय कराल?

संध्याकाळचा_चहा
हेसबर्ग उदार होते, पण मऊ नव्हते हेही लिहा. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना पत्र काढलं: इतरांच्या कामात अडथळा आणणाऱ्यांना विचार करायला १५ मिनिटं, नंतर कारवाई. निक्सननेच त्यांची पाठ थोपटली होती. चार वर्षांच्या आत त्यानेच आयोगावरून काढलं, तो भाग निराळा.

नवशिकी
सगळे व्रतांवर बोलताय, माझा प्रश्न साधा आहे. १९७२ पासून तिथे पदवीच्या वर्गांत मुली शिकताहेत. धर्मगुरूचीच अट म्हणजे त्यांच्यातली कुणी अध्यक्ष होणं नाहीच. येशूसंघीयांच्याच फोर्डहॅम विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रापंचिक स्त्री अध्यक्ष आणली, येशूसंघ काही बुडाला नाही. आणि एकाच संघातून विद्वान, प्रशासन जमणारा, वयात बसणारा असा माणूस दर खेपेला मिळेलच कशावरून? हेसबर्ग मिळाले, ते नशीब.

संध्याकाळचा_चहा
@नवशिकी, मुलींच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नशिबाच्या मुद्द्यावर आहे, रात्री लिहितो.