किमान भाव कोणाच्या हातात पडतो?

फेअरट्रेडचा, म्हणजे शेतमालाला किमान भावाची हमी देणाऱ्या प्रमाणपत्राचा, शिक्का असलेल्या कॉफीसाठी आपण मोजलेले जादा पैसे थेट शेतकऱ्याला पोचतात, हा समज अर्धाच खरा आहे. अरेबिका जातीच्या, गर धुऊन काढलेल्या कॉफीचा हा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर आहे. पण तो शेतकऱ्याच्या संस्थेला मिळतो, आणि तोही खरेदीदाराने त्या शिक्क्याखाली जेवढा माल उचलला तेवढ्यावरच. उरलेली पोती, प्रमाणपत्र असूनही, बाजारभावानेच जातात. बाजार चढा असला की किमान भावाला अर्थ उरत नाही; तो मंदीतला आधार आहे. पौंडामागचे २० सेंटचे अधिमूल्य, म्हणजे भावावर मिळणारी जादा रक्कम, मात्र बाजार कसाही असला तरी मिळते, आणि त्याचा विनियोग सभासद ठरवतात. माझ्या मते या योजनेतला खरा जीव तिथे आहे.

आमच्या बेळगाव भागात कॉफीचे मळे नाहीत, ते कोडगू-चिक्कमगळूरकडे. पण भावाची हमी नसली की काय होते ते आम्हाला ठाऊक आहे: निपाणीच्या बाजारात व्यापारी चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून, हुंगून, मनाला येईल तो भाव सांगायचा आणि माझे आजोबा मान डोलवायचे, कारण भरलेली गाडी परत नेण्याचे भाडेही त्यांना परवडत नसे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी महामार्गावर बसले ते याच अगतिकतेपायी. उसाला निदान केंद्र सरकारने ठरवलेला कायदेशीर किमान दर आहे, तो थकला तर कारखान्याकडे बोट दाखवता येते. फेअरट्रेडचा खरेदीदार मात्र पुढच्या हंगामात मुकाट्याने दुसरीकडे वळू शकतो.