उरार्तू: एकाच राज्यात दफनाच्या इतक्या रीती कशा?

डोंगरवाट
पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवराभोवतीच्या उरार्तू राज्याबद्दल (इ.स.पू. 9वे ते 7वे शतक) वाचतेय. किल्ले, कालवे, शिलालेख यांवर भरपूर मिळतं, पण दफनांचा मेळ लागत नाही. कुठे कड्यात कोरलेली दालनं, कुठे मातीतले खड्डे, कुठे अस्थिकलश. हा फक्त श्रीमंत-गरीब असा फरक आहे का?

खापरखूण
ऐपतीचा फरक आहेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. वान शहराजवळच्या आल्तिनतेपेला खडकातल्या खोल्या, मातीतली दफनं आणि राख-हाडांचे कलश एकाच दफनभूमीत सापडले. (एर्झिंजानजवळचं आल्तिनतेपे वेगळं, दोन्हींची गल्लत फार होते.)

मला पटणारं कारण आयानिस या उरार्तू किल्ल्याच्या मंदिरातल्या लेखात आहे. हा किल्ला बांधणाऱ्या रुसा राजाने माणसं कुठून आणली, ते मुलूख तिथे नावानिशी कोरलेत: असिरिया, ताबाल, मुश्की, एतिउनी, आणखीही काही. ही माणसं हौसेने आली नव्हती. एलिझाबेथ स्टोन आणि पॉल झिमान्स्की या पुरातत्त्वज्ञांनी किल्ल्याबाहेरच्या वस्तीचं चुंबकीय सर्वेक्षण (न खोदता जमिनीखालच्या भिंती टिपणारं) केलं, उत्खननही केलं. तिथली घरं एका साच्यातली नाहीत. वर किल्ल्यात सगळं राजाच्या शिस्तीतलं, कोठारातल्या रांजणांवरसुद्धा मापं कोरलेली. खाली वस्तीत मात्र प्रत्येकाचं आपापलं. मग मेलेल्यांना निरोप द्यायची रीतही ज्याने त्याने आपलीच ठेवली असेल, असं मला वाटतं.

अक्षरवेल
आणि राजांचं काय? वानच्या कड्यातली थडगी रिकामीच आहेत ना?

खापरखूण
हो. अर्गिश्ती राजाच्या दालनाबाहेर त्याच्या मोहिमांचा लांबच लांब लेख आहे, आत नुसते कोनाडे. म्हणूनच एर्झिंजानच्या आल्तिनतेपेचं मोल मोठं. तिथे 1959 पासून तहसिन ओझगुच यांनी खोदकाम केलं. जमिनीखाली दगडात बांधलेली, घरासारखी एकात एक उघडणारी दालनं मिळाली. त्यातलं एक थडगं न लुटलेलं होतं.

लुटीबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. उरार्तूचे कमरेचे नक्षीदार कांस्यपट्टे जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि त्यातले कितीतरी चोरखोदाईतून आलेले. पट्टा बाईचा की पुरुषाचा, प्रेत पुरलेलं की जाळलेलं, शेजारी कोण होतं, सगळं गेलं. नेमकं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

डोंगरवाट
मग बाहेरून आणलेली माणसं ओळखायची कशी?

खापरखूण
दातांवरून. लहानपणी ज्या मुलखातलं खाल्लं-प्यालं, तिथल्या खडकांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं (वेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण थरात, उतरतं आणि जन्मभर टिकतं. दहनात एनॅमल तडकतं, पण पूर्ण भाजलेल्या हाडात स्ट्रॉन्शियम शाबूत राहतं, विशेषतः कानाजवळच्या घट्ट हाडात. त्यामुळे कलशातली राख-हाडं 'जळून गेलेली' म्हणून बाजूला ठेवू नयेत. एकाच दफनभूमीतले कलश आणि खड्डे शेजारी ठेवून मोजायला हवेत.