मदत हवी आहे: आईसाठी आधी ऐकून घेणारं कुणीतरी

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. बाबा गेल्यापासून आई अजून रोज सकाळी दोन कप चहा टाकते, दुसरा कप ओट्यावर तसाच गार होतो. बोलत काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्या नकोत, समुपदेशन घ्या.

एका ठिकाणी गेलो. पहिल्याच दिवशी तिच्या हातात तक्ता दिला: मनात आलेला विचार, त्याला पुरावा काय, दुसरा विचार कोणता. ही मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांची सीबीटी, म्हणजे मनातले विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत. नैराश्यात तिचा उपयोग होतो, मान्य आहे. पण रिक्षात आई एवढंच म्हणाली, "त्यांनी तुझ्या बाबांचं नावसुद्धा विचारलं नाही गं." ते मला फार लागलंय. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तर समोरच्याला मनापासून समजून घेणं हाच उपचाराचा पाया मानला. आईला आधी तेच हवंय.

शाहूपुरी, ताराबाई पार्क, रंकाळ्याच्या बाजूला अशा कुणी समुपदेशक माहीत आहेत का? शक्यतो बाई, मराठीतून बोलणाऱ्या. आणि पहिल्या भेटीआधी फोनवर त्यांना नेमकं काय विचारावं? आई जे बोलेल ते त्यांच्या दोघींतच राहावं, मलाही सांगू नये, असं मला वाटतं. स्वतःचा अनुभव असेल तर कृपया कळवा.