फुकटच्या प्रणाली, योजनांचे अर्ज आणि टेबलामागची रिकामी खुर्ची

नदीकाठचे वाचनालय

परवा 'संगणकमित्र' यांनी लिहिले की ग्रंथालयांसाठी आज जेवढी साधने विनामूल्य मिळतात तेवढी पूर्वी कधीच मिळत नव्हती. कोहासारखी पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी संगणक प्रणाली आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, विकिस्रोत आहे, वाचनालयांना मदत देणाऱ्या केंद्राच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. एवढे असताना जी वाचनालये अजून दाखल नोंदवहीवर, म्हणजे पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेल्या वहीवर, बोट फिरवून पुस्तक शोधतात, त्यांच्या संचालक मंडळांना काही करायचेच नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे शेवटचे वाक्य दोन दिवस माझ्या मनातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्ग ('अ' सर्वांत वरचा, 'ड' सर्वांत खालचा) वाचनालयाचा मी अकरा वर्षे कार्यवाह आहे. आमच्या राज्याने 1967 च्या कायद्याने जो मार्ग घेतला तो असा की गावाने संस्था नोंदवून ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने वर्गानुसार परिरक्षण, म्हणजे चालू खर्चाचे, अनुदान द्यायचे. 2022 च्या 60 टक्के वाढीनंतर 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार झाले, म्हणजे महिन्याला 4 हजार. त्यातील निम्मे वेतनाचे धरले तर ग्रंथपालाच्या हातात किती पडतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमचा वर्ग वरचा असला तरी आमच्याकडेही ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई या तिघांच्या पगाराची बेरीज एका चांगल्या दुकानातल्या एका माणसाच्या पगाराएवढी होत नाही, आणि हप्ता लांबला की त्या दिवाळीला आम्ही संचालक वर्गणी काढतो.

आता फुकटच्या प्रणालीविषयी. सहा वर्षांपूर्वी गावातल्या एका हुशार मुलाने जुन्या संगणकावर कोहा बसवून दिली आणि चार महिन्यांत साडेतीन हजार पुस्तकांच्या नोंदी केल्या. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि पावसाळ्यात एका रात्री वीज ये-जा करून तो संगणक बंद पडला तो पडलाच. हार्ड डिस्क शाबूत होती, पण तिच्यातून नोंदी बाहेर कशा काढायच्या हे सांगणारे गावात कोणी नव्हते. देवघेव पुन्हा वहीवर आली. प्रणाली फुकट होती हे खरे. ती सांभाळणारा माणूस फुकट नव्हता आणि त्याला द्यायला आमच्याकडे काही नव्हते.

योजनांचेही तसेच आहे. प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत, विहित नमुन्यात, चार प्रतींत, लेखापरीक्षित हिशेबांसह जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. मराठी वाचनालयाने मराठी पुस्तकांसाठीची मागणी मराठीत का करू नये, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. एका योजनेचा आमचा प्रस्ताव एका सहीच्या त्रुटीपायी परत आला आणि त्रुटी दूर करेपर्यंत मुदत गेली होती. तेव्हा मंडळांना काही करायचेच नाही, हे वाक्य त्यांनी मागे घ्यावे अशी माझी विनंती आहे.

संगणकमित्र

वाक्य कठोर होते, हे मान्य. मागे मात्र घेणार नाही, कारण ते मी पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिले होते.

दोन वाचनालयांत मी स्वतः शनिवार-रविवारी बसून प्रणाली उभी केली आहे. त्यातल्या एकात नऊ हजार नोंदी चौदा महिन्यांत पूर्ण झाल्या, आणि तेथील ग्रंथपाल दहावी शिकलेल्या ताई आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी माउसला हात लावायला नकार दिला होता. आज वाचकाने दारातून लेखकाचे नाव उच्चारले की त्या पडद्यावर पाहून कपाट आणि फळी सांगतात. दुसऱ्या वाचनालयात दर महिन्याला नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून कार्यवाहांच्या घरी ठेवतात. त्याला खर्च डिस्कपुरताच येतो. तुमच्या त्या मुलाने ही सवय लावून दिली नाही आणि मंडळातल्या कोणी ती विचारली नाही, ही चूक पैशाच्या अभावाची नाही.

आणखी एक मुद्दा. पुष्कळ वाचनालयांत नोंदी संगणकावर आहेत, पण त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकात आहेत. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा ढीग दिसतो, आणि मग मंडळ म्हणते की संगणकीकरण फसले. ते फसलेले नाही. रूपांतर करून घेतले की त्याच नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, येतात.

निवृत्त ग्रंथपाल

मी चौतीस वर्षे देवघेवीच्या टेबलामागे काढली, म्हणून या रूपांतरावर बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजते.

आमच्याकडे असेच रूपांतर झाले. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. तो क्रम नीट न उलटल्यामुळे 'कविता' या विभागाच्या दोन हजारांवर नोंदी 'किवता' अशा छापून आल्या. हे दुरुस्त करायला सहा आठवडे गेले. परंतु खरे नुकसान त्यानंतर झाले. मदतीला आलेल्या उत्साही मुलांनी जुन्या पुस्तकांच्या नावांतील अनुस्वार काढून टाकले. 1962 च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'कांहीं' असेल, 'नाहीं' असेल, तर नोंदीतही ते तसेच राहिले पाहिजे, कारण ती नोंद त्या पुस्तकाची आहे, आपल्या आजच्या शुद्धलेखनाची नव्हे. त्या मुलांनी 1920 च्या सुमाराची एक आवृत्ती आणि तिचे साठच्या दशकातले पुनर्मुद्रण नावे सारखी दिसतात म्हणून एका नोंदीत घातले आणि जुनी प्रत दुबार समजून बाद करायच्या ढिगात टाकली. मी योगायोगाने त्या दिवशी तेथे गेले होते, म्हणून ती वाचली.

परभणीचा वाचक

ताई, आपला आदर ठेवून विरोध करतो. मी गेली पाच वर्षे निजामकालीन मराठवाड्यावरील जुनी पुस्तके शोधतो आहे. मला मुखपृष्ठावरचे अनुस्वार कसे ठाऊक असणार? मी आजच्या पद्धतीने 'काही' लिहून शोधतो, उत्तर येते की पुस्तक नाही, आणि ते पुस्तक मात्र त्याच खोलीत माझ्या डोक्यावरच्या फळीवर असते. हे माझ्याबाबतीत खरोखर घडले आहे.

ऑनलाइन साठ्यांत तर यापेक्षा वाईट अवस्था आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो मराठी पुस्तके आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत, कोणत्याही नियमाशिवाय, जशी सुचली तशी टंकलेली आहेत. एकाच लेखकाचे आडनाव चार प्रकारे लिहिलेले सापडते. काही स्कॅनमध्ये मधली पाने नाहीत, काहींत एकच पान दोनदा आहे. 'सगळे ऑनलाइन आहे' असे जे म्हणतात त्यांनी एखादे पुस्तक नाव न बदलता शोधून दाखवावे. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले आणि साठ वर्षांच्या नियमाने त्यांचे लेखन 2011 पासून सर्वांसाठी खुले आहे. त्यांच्यासारखा परिचित लेखक मिळतो. अपरिचित लेखक नोंद चुकली की जगात नसल्यासारखाच होतो.

संगणकमित्र

म्हणूनच मी म्हणतो की आजचे लेखन वापरा. वाचकाला न सापडणारी शुद्ध नोंद काय कामाची?

निवृत्त ग्रंथपाल

आपण प्रणाली बसवता, पण आपण तालिकाशास्त्र, म्हणजे ग्रंथनोंदी करण्याचे शास्त्र, शिकला आहात का? नसाल तर कृपया 'काय कामाची' असे शब्द वापरू नका. आम्ही कार्डांच्या काळात हा प्रश्न सोडवलेला होता. मुख्य कार्ड मुखपृष्ठाप्रमाणे लिहायचे आणि वाचक ज्या ज्या रूपाने शोधेल त्या प्रत्येक रूपाचे एक 'पाहा' कार्ड ड्रॉवरमध्ये घालायचे. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचेही तसेच. माझ्या हातची अशी काही हजार कार्डे होती. संगणक आला तेव्हा एका सुट्टीच्या आठवड्यात कपाटासह ती रद्दीत गेली आणि नव्या प्रणालीत त्यांतील एकही 'पाहा' उतरले नाही. मला कोणी विचारले नाही. याचे दुःख मला निवृत्तीपेक्षा अधिक आहे.

संगणकमित्र

तालिकाशास्त्र मी शिकलेलो नाही. तरीही एक सांगतो: आपल्या 'पाहा' कार्डाची जागा प्रणालीत आहे. मार्क, म्हणजे संगणकावरील ग्रंथनोंदीचा प्रमाण नमुना, त्यात 245 या क्षेत्रात मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे लिहायचे आणि 246 मध्ये आजचे रूप, संक्षिप्त रूप, हवी तितकी रूपे द्यायची. शोध दोन्हींतून लागतो. कोहामध्ये देवनागरीचा शोध नीट चालावा म्हणून अनुक्रमणिकेची आयसीयू नावाची, युनिकोड अक्षरे ओळखणारी पद्धत निवडावी लागते. ती न निवडल्यामुळे कित्येक ठिकाणी मराठी शोध अर्धवट चालतो. शिवाय 'ॲ' हे अक्षर एका चिन्हाने लिहिले आणि दुसऱ्याने 'अ' ला चंद्र जोडून लिहिले, तर डोळ्यांना ते सारखेच दिसते, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे असतात. हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे लागते.

दोन वाचनालयांत मी 246 रिकामे ठेवले, कारण वेळ वाचवायचा होता. ते चुकले. आपण म्हणता त्या मुलांत मीही मोडतो, हे मला लिहायला आवडत नाही, पण तसे आहे.

पणजीकर

अनुस्वारांच्या चर्चेत मूळ प्रश्न मागे पडला. आमच्या पणजीच्या राज्य केंद्रीय ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची आणि ते आज शासनाचे आहे. तेथला कर्मचारी शासनाचे वेतन घेतो आणि तो बदलून गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो, त्यामुळे पैशाचा एक ठरलेला प्रवाह तरी असतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. तुम्ही सर्व स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर बोलत आहात. तो टिकत नाही हे पहिल्याच पत्रात आले आहे.

नदीकाठचे वाचनालय

उपकराचा मुद्दा मला पटतो, पण आमच्या नगरपरिषदेत तो शब्द उच्चारला तर पुढच्या निवडणुकीत वाचनालयाची जागाच वादात येईल. माणसाचे वेतन हाच गाभा आहे, एवढे पणजीकरांनी नेमके धरले. केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी शोधनियतकालिकांच्या सामूहिक वर्गणीला 6,000 कोटी रुपये मंजूर केले. ते उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत आणि त्यांना मिळालेच पाहिजेत. परंतु गावातल्या वाचनालयाचा दरवाजा अशा कोणत्याही यादीत येत नाही, आणि स्पर्धा परीक्षेची मुले, निवृत्त शिक्षक, दुपारी येणाऱ्या गृहिणी यांना शोधनियतकालिके नकोच आहेत. त्यांना सायंकाळी सहाला उघडी खोली, दिवा आणि विचारले तर उत्तर देणारा माणूस हवा असतो.

संगणकमित्र यांनी आपली चूक लिहिली, म्हणून मीही लिहितो. नोंदींची प्रत बाहेर काढून ठेवली पाहिजे, हे मंडळातल्या एकालाही सुचले नाही, मलासुद्धा नाही. डिस्क विकत घ्यायला पैसे होते. त्या बंद संगणकाची हार्ड डिस्क अजून कपाटात आहे.

संगणकमित्र

ती हार्ड डिस्क फेकू नका. कोहाचा साठा डेटाबेसमध्ये असतो आणि डिस्क वाचता आली तर साडेतीन हजार नोंदी परत मिळण्याची चांगली शक्यता आहे. मी पुढच्या महिन्यात त्या बाजूला येणार आहे. दोन दिवस राहीन. माझी एक अट आहे. मी गेल्यावर हे काम पाहणाऱ्या माणसाला मंडळाने महिन्याला काही ठरावीक रक्कम द्यावी, मग ती पाचशे रुपये का असेना, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहावा. फुकट कोणी करू नये, हे तुमचे म्हणणे मी एवढ्यापुरते मान्य करतो.

निवृत्त ग्रंथपाल

245 आणि 246 मी तपासून देईन. मला दर आठवड्याला शंभर नोंदी आणि त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे, शक्य तर मुखपृष्ठामागच्या पानाचेही फोटो पाठवावेत. नाव कोठून घेतले ते दिसल्याशिवाय मी एकही नोंद मान्य करणार नाही, ती कोणीही केलेली असो.

नदीकाठचे वाचनालय

ठराव येत्या रविवारच्या सभेत मांडतो. दोन संचालक विरोध करतील, त्यांच्याशी आधी बोलून घेतो. फोटो आमच्या लेखनिक ताई काढतील. आमची पहिली दाखल नोंदवही 1931 ची आहे आणि तिची शिलाई सुटली आहे, म्हणून येणाऱ्यांनी ती टेबलावर सपाट ठेवूनच पाने उलटावीत. पहिल्या चाळीस पानांवर शाई फिकी झाली आहे, ती दुपारी तीनच्या आत, पश्चिमेच्या खिडकीशी नेली तर वाचता येते.